कपातले इंदुरी पोहे : फूड डेव्हलपमेंट एजन्सीच्या कामाचा लेखाजोखा

कपात उकळतं पाणी ओतून पाच मिनिटांत इंदुरी पोहे तयार व्हावेत, असं उत्पादन बनवून देण्याचं काम इंदूरमधल्या एका फूड डेव्हलपमेंट एजन्सीला आम्ही दिलं होतं. रेसिपी, पॅकिंगची निवड, शेल्फ लाइफची (माल किती दिवस टिकतो याची) चाचणी, लेबलचा मजकूर आणि सांवेर रोडवरच्या एका जॉबवर्क युनिटमध्ये (दुसऱ्यांसाठी माल बनवून देणाऱ्या कारखान्यात) पहिली मोठी बॅच, एवढं सगळं करारात होतं. टेबलावरच्या नमुन्याला पाचपैकी साडेचार गुण. मोठ्या बॅचला अडीच. कागदपत्रांना दोन. नमकीन, मसाले, तयार मिश्रणं करणाऱ्या इथल्या बऱ्याच लहान उद्योजकांना आज ना उद्या अशा एजन्सीकडे जावं लागतं, म्हणून तपशिलात लिहीत आहोत.

सुरुवात चांगली झाली. कांदेपोहे हवेत की इंदुरी पोहे, हा त्यांचा पहिलाच प्रश्न होता. सुदामानगर, राजेंद्रनगरकडच्या मराठी घरांत दोन्ही होतात आणि दोन्हींना आपण पोहेच म्हणतो, पण कारखान्याच्या दृष्टीने ही दोन वेगळी उत्पादनं आहेत. कांदेपोह्यांत कांदा फोडणीत परतला जातो. इंदुरी पोहे वाफेवर राहतात, त्यांत बडीशेप आणि साखर असते, कांदा कच्चा आणि वरून, आणि शेव आणि जिरावण (वरून भुरभुरायचा मसाला) पडल्याशिवाय चव पुरी होत नाही. सुकवलेला कांदा गरम पाण्यात फुलला की शिजल्यासारखा लागतो, कच्च्या कांद्याचा करकरीतपणा त्यातून येत नाही. हे त्यांनी पहिल्याच बैठकीत स्पष्ट सांगितलं, कांदा रेसिपीतून काढला आणि ‘वरून ताजा कांदा घाला’ अशी ओळ पाकिटावर सुचवली. गिऱ्हाईक जे मागेल त्याला हो म्हणणाऱ्या एजन्सी पुष्कळ आहेत; नाही म्हणणारी मिळाली तर ती जपावी.

पोह्यांवर त्यांनी केलेलं काम खरोखर अभ्यासाचं आहे. सियागंजमधले नेहमीचे जाड पोहे कोरडेच कपात टाकून पाणी ओतलं तर वरचा थर भिजून मऊ होतो आणि आत कचकच राहते. पातळ पोह्यांचा दोन मिनिटांत लगदा होतो. एजन्सीने मध्यम जाडीचे पोहे धुऊन निथळून घेतले, फोडणी, हळद, मीठ लावून आठ मिनिटं वाफवले आणि ट्रे ड्रायरमध्ये 65 अंश सेल्सियसला ओलावा 5 टक्क्यांवर येईपर्यंत सुकवले. एकदा वाफवून सुकवलेला पोहा आतून सच्छिद्र होतो आणि पाणी सगळीकडून सारखं ओढतो. 60 ग्रॅम कोरड्या मिश्रणाला 110 मिलिलिटर उकळतं पाणी आणि झाकण ठेवून पाच मिनिटं, हे प्रमाण ठरलं आणि ते बरोबर आहे. पाणी 130 वर गेलं की तळाशी चिकट होतं, 90 वर कडा कोरड्या राहतात. कपाच्या आतल्या बाजूला पाण्याची रेघ छापायची सूचनाही त्यांचीच.

इथे एक धोका आहे. ड्रायरचा वेळ वाचवायला युनिटवाले तापमान 85 वर नेतात. मग पोह्याचं बाहेरचं कवच आधी कडक होतं आणि आतला ओलावा अडकतो. पोहे न कुटता ओलावा मोजायच्या मीटरवर ठेवले तर आकडा कमी येतो आणि सगळे खूष होतात. बंद पाकिटात तोच ओलावा हळूहळू बाहेर येतो, मग पोहे मऊ पडतात आणि त्यांना जुनाट वास सुटतो. म्हणून ओलावा मोजताना नमुना कुटूनच घ्यायचा आणि सोबत वॉटर अ‍ॅक्टिव्हिटीही मोजायला लावायची, म्हणजे जिनसातलं पाणी किती मोकळं आहे त्याचं माप. एका पाकिटात दोन जिन्नस शेजारी असले तर पाणी जास्त वॉटर अ‍ॅक्टिव्हिटीकडून कमीकडे सरकतं, ओलाव्याचा टक्का काहीही असो. पिठूळ पोहे आणि साखर-आमचूर घातलेला मसाला, दोन्हींत 5 टक्के ओलावा असला तरी त्यांची वॉटर अ‍ॅक्टिव्हिटी सारखी नसते. एजन्सीकडे वॉटर अ‍ॅक्टिव्हिटीचा मीटर होता आणि त्यांनी तो प्रत्येक घटकाला लावला. निवड करताना हीच गोष्ट आधी विचारावी: मीटर तुमच्याकडे आहे का? नसेल तर ती एजन्सी स्वयंपाक चांगला करेल, टिकाऊ उत्पादन नाही.

शेवेची पुडी वेगळी, जिरावणाची वेगळी. शेवेचं कारण उघड आहे. जिरावणात काळं मीठ आणि आमचूर असतं. दोन्ही हवेतलं पाणी ओढतात आणि मसाल्याचा खडा बनतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे जिरावण शिजत नाही. कपात ओतलेलं पाणी काही क्षणांत शंभर अंशांच्या बरंच खाली येतं, आणि मसाल्यातले जिवाणूंचे बीजाणू त्याने मरत नाहीत. तांदळाच्या पदार्थांत बॅसिलस सेरियस या जिवाणूचा जुना त्रास आहे. भिजवलेला कप तासन्‌तास तसाच राहिला तर तो वाढतो. म्हणून वाफेने निर्जंतुक केलेलेच मसाले घ्यायचे आणि प्रत्येक लॉटचा तपासणी अहवाल मागायचा. एजन्सीने पहिला नमुना बाजारातल्या सुट्या जिरावणावर बनवला होता आणि चव मंजूर करून घेतल्यावर निर्जंतुक मसाला आणला. हा क्रम उलटा आहे. निर्जंतुक करताना जिऱ्याचा, लवंगेचा वास थोडा उतरतो, म्हणजे मंजूर झालेली चव आणि बाजारात जाणारी चव एक राहत नाही. भाजलेल्या जिऱ्याचं प्रमाण वाढवून त्यांनी ते बऱ्यापैकी भरून काढलं, हेही नोंदवायला हवं.

चव बदलली की नाही हे ठरवायची त्यांची पद्धत मात्र कच्ची होती. ऑफिसातल्या चार जणांना चाखायला देऊन ‘कसं वाटतंय?’ असं विचारणं म्हणजे चाचणी नव्हे. इंदूरमध्ये पोह्यांवर मत नसलेला माणूस सापडत नाही, त्यामुळे चाखणारे मिळणं सोपं आहे; प्रश्न नीट विचारायला हवा. त्रिकोणी चाचणी मागा. प्रत्येकाला तीन वाट्या द्यायच्या, दोन सारख्या, एक वेगळी, आणि वेगळी कोणती ते ओळखायला सांगायचं. 24 जणांत 13 किंवा जास्त लोकांनी बरोबर ओळखली तर फरक खरा समजायचा. त्याहून कमी असतील तर फरक सिद्ध झाला नाही. वाट्यांवर तीन आकडी कोड, वाढण्याचा क्रम बदलता आणि पाणी ओतल्यापासूनचा वेळ सगळ्यांना सारखा, एवढं पाळलं की पुरे. सांगितल्यावर एजन्सीने हे व्यवस्थित केलं. न सांगता केलं नसतं.

आता मोठी बॅच. टेबलावर 500 ग्रॅम, युनिटमध्ये 40 किलो, आणि बिघडलं ते या उडीत. टेबलावर ट्रेमध्ये पोह्यांचा थर एक सेंटिमीटर होता; युनिटमध्ये एका फेरीत जास्त माल काढण्यासाठी चार सेंटिमीटर भरला. वरचा थर सुकला, मधला ओला राहिला आणि सगळं एकत्र मिसळल्यावर काही कप चांगले, काही दमट. मिसळायला रिबन ब्लेंडर (आत फिरणाऱ्या पट्ट्यांनी ढवळणारं यंत्र) वापरला. तो पिठांसाठी उत्तम, पण सुकलेला पोहा ठिसूळ असतो. दहा मिनिटांत भरपूर चुरा झाला. चुरा पाकिटाच्या तळाशी बसतो, पाणी पडताच त्याची खळ होते आणि खाणाऱ्याला वाटतं पोहे जुने आहेत. गोल फिरणारा ड्रम मिक्सर, सावकाश गती, दोन ते तीन मिनिटं आणि भरण्याआधी चाळण, एवढ्याने हे सुटतं. भरणीही मापाच्या कपाने झाली, वजनाने नव्हे. पोहे कधी फुगीर, कधी दबलेले, त्यामुळे वजन हलत राहिलं. 60 ग्रॅमच्या पाकिटाला लीगल मेट्रॉलॉजीच्या (वजन-मापांच्या) 2011 च्या नियमांत 4.5 ग्रॅमपर्यंतची चूक चालते, आणि सरासरी छापील वजनाखाली जाऊन चालत नाही. अशा मालाला मल्टिहेड वजनयंत्र (अनेक लहान तराजूंनी वजन जुळवून भरणारं) लागतं. ते ज्या युनिटमध्ये नाही ते युनिट एजन्सीने सुचवायलाच नको होतं.

एजन्सीचा माणूस मिसळण होईपर्यंत थांबला आणि भरणीच्या आधी निघून गेला. नंतर एजन्सी म्हणाली युनिट चुकलं, युनिट म्हणालं प्रोसेस शीटमध्ये हे लिहिलंच नव्हतं. शीट पाहिली तर युनिटचं म्हणणं बरोबर होतं. तापमान आणि वेळ होते. थराची जाडी, एका ट्रेत किती किलो, मिक्सरचा प्रकार, त्याच्या फेऱ्या, मिक्सर किती भरायचा, चुऱ्याची मर्यादा, हे काहीच नव्हतं. चांगल्या रेसिपीची किंमत या आकड्यांत असते. ते नसतील तर एजन्सीने उत्पादन दिलं नाही, चव दिली.

पॅकिंगची निवड चांगली. कागदी कपाला आतून पॉलिथिनचा थर असला तरी तो पावसाळ्यातली दमट हवा फार अडवत नाही, म्हणून पोह्यांना आत वेगळं मेटलाइज्ड पॉलिस्टरचं पाउच, नायट्रोजन भरून, उरलेला ऑक्सिजन 2 टक्क्यांखाली. दाणे आणि फोडणीचं तेल खवट होण्याचा वेग यानेच आटोक्यात येतो. शेवेच्या पुडीत मात्र सीलच्या जागी शेवेचा भुगा अडकतो आणि बारीक गळती राहते. पुडी निर्वात भांड्यात पाण्याखाली धरून बुडबुडे पाहणं हा सोपा उपाय आहे. भरणी चालू असताना दर अर्ध्या तासाने करायला हवा.

शेल्फ लाइफचा अहवाल सहा महिने म्हणतो. चाचणी 38 अंश आणि 90 टक्के आर्द्रतेच्या चेंबरमध्ये झाली, हे योग्य. पण चेंबरमध्ये ठेवलेली पाकिटं टेबलावर हाताने सील केलेली होती, मोठ्या बॅचमधली नव्हती. म्हणजे ज्या सीलची, ज्या ओलाव्याची परीक्षा व्हायला हवी होती ती झालीच नाही. शिवाय पेरॉक्साइड व्हॅल्यूचा (तेल किती खवट होतंय त्याच्या मापाचा) सुरुवातीचा आकडा नाही, फक्त शेवटी ‘पास’. अशा वेगवान चाचणीवरून निघतो तो अंदाज. त्याच बॅचची पाकिटं साध्या खोलीत ठेवून दर महिन्याला उघडत राहणं सोबत चालू हवं, कारण मे महिन्यात बंद टेम्पोत माल किती तापतो याचा हिशेब चेंबर करत नाही.

लेबलचं काम त्यांनी मन लावून केलं. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने, 100 ग्रॅममागे पोषणमूल्यं, हिरवं चिन्ह, चौदा आकडी परवाना क्रमांक, सगळं 2020 च्या लेबलिंग नियमांप्रमाणे. अ‍ॅलर्जीच्या सूचनेत शेंगदाणे होते, ग्लूटेन राहिलं होतं. जिरावणात हिंग असतो, आणि बाजारातला बांधानी हिंग बहुतेकदा मैद्यात बांधलेला असतो. तांदळाचा पदार्थ म्हणून ग्लूटेन नाही असं गृहीत धरण्याची चूक इथे फार सोपी आहे. शेवेत, मसाल्यात आलेल्या प्रत्येक तयार जिनसाचा घटकपत्रक मागवल्याशिवाय लेबल छापायला देऊ नये.

सगळ्यात गंभीर तक्रार रेसिपीच्या कागदाबद्दल. त्यात ‘सीझनिंग बेस, 3 टक्के’ आणि पुढे एका पुरवठादाराचा कोड, एवढंच होतं. आत काय आहे ते एजन्सीलाही सांगता येईना. याचा अर्थ चव त्या पुरवठादाराच्या हातात. तो भाव वाढवेल, कोड बंद करेल, आणि लेबलवर त्याचे घटक पूर्ण लिहिता येणार नाहीत. करार करतानाच लिहून घ्यावं: प्रत्येक घटक ग्रॅममध्ये, किमान दोन पुरवठादार, कोडच्या मागची घटकयादी, आणि रेसिपीची मालकी पैसे देणाऱ्याची. गोपनीयतेच्या करारावर सही झाली म्हणजे मालकी आपल्याकडे आली, असं होत नाही. ते दोन वेगळे कागद आहेत.

पैशांची विभागणी 40 टक्के आगाऊ, 40 नमुना मंजूर झाल्यावर, 20 शेवटी, अशी होती. मोठ्या बॅचच्या आधीच 80 टक्के गेले, आणि एजन्सीचा उत्साह कुठे ओसरला ते वर आलंच आहे. 30 आगाऊ, 20 नमुन्यावर, 30 मोठ्या बॅचच्या चाचणीवर आणि 20 पूर्ण कागदपत्रं हाती आल्यावर, अशी विभागणी मागावी. पुढच्या कामासाठी आम्ही याच एजन्सीला विचारलं तेव्हा त्यांनी ती मान्य केली.

शेवटच्या हप्त्यानंतर तीन महिने मदत देण्याचं कलम आहे आणि ते पाळलं जातं, फोन उचलला जातो. पण तीन महिने पोह्यांना पुरत नाहीत. ऑक्टोबर-नोव्हेंबरनंतर नव्या भाताचे पोहे उज्जैनच्या मिलमधून येऊ लागतात आणि नवा तांदूळ जुन्यापेक्षा कमी पाणी ओढतो. तेच 110 मिलिलिटर मग जास्त होतं. कपावरची रेघ तर आधीच छापलेली. वाफवण्याची मिनिटं आणि सुकवण्याचा शेवटचा ओलावा बदलून हे सांभाळता येतं, त्यामुळे मदतीच्या कलमात महिन्यांऐवजी नव्या हंगामाच्या पहिल्या लॉटची एक चाचणी लिहून घ्यावी.