टॅम्सुलोसिन-ड्युटास्टेराइड, सात-आठ महिने घेतल्यावर: गोळी चांगली, पण तो 'डी' तपासून घ्या

प्रोस्टेटवाल्यांना ही गोळी कसली ते सांगायला नको. बाकीच्यांसाठी: पुरुषांची मूत्राशयाखालची प्रोस्टेट ग्रंथी उतारवयात वाढते आणि लघवी अडते, त्यावरची ही. टॅम्सुलोसिन ०.४ आणि ड्युटास्टेराइड ०.५ मिलिग्रॅम, रात्री जेवणानंतर एक. लिहायचं बरेच दिवस मनात होतं, पण आज मुहूर्त लागला तो मेडिकलवाल्याशी झालेल्या भांडणामुळे.

महिनाअखेरीला जमाखर्च लिहायला बसलो तर औषधांचं बिल नेहमीपेक्षा बरंच कमी. आता मेडिकलचं बिल आपण होऊन कमी होत नसतं. स्ट्रिप भिंगाखाली धरली. कंपनी तीच, नाव तेच, रंगही तोच. नावापुढचा 'डी' तेवढा गायब. म्हणजे नुसतं टॅम्सुलोसिन, ड्युटास्टेराइड नाहीच. आठवडाभर माझ्या पोटात अर्धंच औषध जात होतं. दुकानात गेलो तर काउंटरवरचा पोरगा म्हणतो, "काका, एकच आहे ते. डीवालं संपलं होतं म्हणून हे दिलं." एकच आहे तर भाव दोन कसे, असं विचारल्यावर मालक बाहेर आले आणि कापलेली स्ट्रिप परत घेत नाही एवढं सांगून आत गेले. चिठ्ठीवर डॉक्टरांनी 'डी' चांगला मोठा काढलेला आहे. माल नसेल तर नाही म्हणा ना, मी पुढच्या चौकात जातो.

मी आयुष्यभर कारखान्यात स्टोअर सांभाळलं. पार्ट नंबरचं शेवटचं अक्षर चुकलं की बेअरिंग बसत नाही, लाइन थांबते, साहेबांचा फोन येतो. गोळीचं तसं नाही. चुकीची असली तरी ती निमूट गिळली जाते.

बरं, त्या 'डी'बद्दल माझंच मत सुरुवातीला वाईट होतं. टॅम्सुलोसिनचा गुण आठवड्याभरातच दिसला. ते मूत्राशयाच्या तोंडाशी आणि प्रोस्टेटमध्ये असलेले स्नायू सैल करतं, त्यामुळे धार सुधारली. रात्री चार-चारदा उठायचो, ते एक-दोनवर आलं. पण ग्रंथी त्याने लहान होत नाही. ते काम ड्युटास्टेराइडचं. टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी नावाचं हार्मोन बनतं ते हे औषध अडवतं, आणि मग ग्रंथी हळूहळू आक्रसते. हळूहळू म्हणजे तीन ते सहा महिने. तोपर्यंत जाणवत काहीच नाही, पैसे मात्र पहिल्या दिवसापासून जातात. तिसऱ्या महिन्यात मी डॉक्टरांना विचारलंसुद्धा, की हे दुसरं औषध काढून टाकू या का? ते म्हणाले, सोनोग्राफी होईपर्यंत थांबा. थांबलो. ५२ ग्रॅमची ग्रंथी ४३ वर आली. तेव्हापासून मी 'डी'च्या बाजूचा.

आठवड्याच्या खंडाने यावर पाणी पडलं का? तर नाही. डॉक्टर म्हणाले, ड्युटास्टेराइड निम्मं उतरायलाच सुमारे पाच आठवडे लागतात, तेव्हा आठवड्याने काही बिघडत नाही. इथे माझा राग अर्धा उतरला होता. पुढे त्यांनी पीएसएचं, म्हणजे प्रोस्टेटच्या कॅन्सरची शंका बघायला रक्तात मोजतात त्या प्रथिनाचं, सांगितलं आणि राग परत चढला.

ड्युटास्टेराइडने रक्तातला पीएसए सहा महिन्यांत साधारण निम्मा होतो. माझा ३.६ होता, आता १.९ आलाय. लॅबच्या कागदावर नॉर्मल. पण कॅन्सरची शंका तपासताना डॉक्टर तो दुप्पट धरतात, म्हणजे ३.८, जवळपास होता तिथेच. हे औषध चालू असल्याचं ठाऊक नसलेल्या डॉक्टरांसमोर तोच कागद ठेवला तर ते म्हणतील, वा, छान उतरलाय! आणि एकदा खाली आल्यावर तो पुन्हा चढू लागला, तर आकडा नॉर्मलमध्ये असला तरी दाखवायला जायचं. आता समजा, दुकानदाराने परस्पर 'डी' काढला आणि महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात आलं नाही. पीएसए चढणारच. तो औषध बंद झाल्यामुळे चढला की आणखी कशाने, हे कोण कसं ठरवणार? म्हणून म्हणतो, "एकच आहे" हे वाक्य काउंटरवर चालवून घेऊ नका. पीएसएच्या कागदावर मी स्वतः पेनने लिहितो: ड्युटास्टेराइड चालू, अमुक महिन्यापासून.

घेण्याच्या वेळेचं. रोज एकाच जेवणानंतर, साधारण अर्ध्या तासाने. रिकाम्या पोटी टॅम्सुलोसिन रक्तात एकदम चढतं आणि बीपी खाली येतं. संकष्टीला आमच्याकडे चंद्रोदयानंतर ताट वाढतात, मग गोळीही तितकी उशिरा. एकादशीची चिंता नाही, एकादशी अन् दुप्पट खाशी. बीपीची गोळी आधीपासून असेल तर डॉक्टरांना नावासकट सांगा. मला सुरुवातीला रात्री उठताना गरगरायचं. आता पाय खाली सोडून मिनिटभर पलंगाच्या कडेला बसतो, मग उठतो. गोळी तोडायची नाही, चावायची नाही. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. बरेच दिवस खंड पडला तर आपल्या मनाने परत सुरू न करता आधी विचारायचं, कारण चक्कर पहिल्यासारखी पुन्हा येऊ शकते. सिल्डेनाफिल, टाडालाफिल या लैंगिक ताकदीच्या गोळ्या घेणाऱ्यांनीही लाज सोडून डॉक्टरांना सांगावं. त्याही गोळ्या बीपी उतरवतात.

सर्दीच्या गोळ्यांचं कुणी बोलतच नाही. फेनिलेफ्रिन आणि क्लोरफेनिरामीन असलेल्या गोळ्या दुकानात सर्रास मिळतात, आणि दोन्ही लघवी अडवू शकतात. आमच्या कट्ट्यावरच्या एका काकांनी शिंका येतात म्हणून घेतल्या, रात्री तुंबली, पहाटे कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी. मी सर्दीला वाफ घेतो, फार झालं तर नुसतं पॅरासिटामॉल.

दुष्परिणाम: वीर्य कमी झालं, इच्छाही थोडी कमी झाली. स्तन दुखणं किंवा तिथे गाठ लागणं काहींना होतं, मला नाही. झालं तर लगेच दाखवायचं.

घरात सूनबाईंना दिवस गेलेत. माझ्या गोळ्या डबीत भरायचं काम तीच करायची, ते डॉक्टरांनी बंद करायला लावलं. ड्युटास्टेराइड त्वचेतून आत जातं, पोटात मुलगा असेल तर त्याच्या वाढीला धोका. आता डबी मी भरतो आणि कपाटात ठेवतो. याच कारणाने गणपतीतल्या शिबिरात रक्त दिलं नाही. गोळी थांबवून सहा महिने झाल्याशिवाय देता येत नाही, कारण ते रक्त कुठल्या गरोदर बाईला चढेल सांगता येत नाही. मंडळाच्या पोरांना वाटलं, काका घाबरले.

मोतीबिंदूवाल्यांसाठी एक. टॅम्सुलोसिनमुळे ऑपरेशनच्या वेळी बुबुळ ढिलं पडतं, आणि गोळी पूर्वी कधी घेतलेली असली तरी पडू शकतं. माझं दिवाळीनंतर आहे. चार दिवस बंद करून येऊ का म्हटलं, तर डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, बंद करून उपयोग नाही, आम्हाला आधी माहीत पाहिजे म्हणजे आम्ही तयारी ठेवतो.

आता पैशांचं. भांडणानंतर डॉक्टरांना विचारून जनऔषधी केंद्रात गेलो. नेहमीचं बिल निम्म्याहून खाली आलं. त्याहून आनंद झाला तो पाकीट बघून. ब्रँडचं नाव नाही, पुढचं शेपूट नाही, टॅम्सुलोसिन आणि ड्युटास्टेराइड दोन्ही नावं सरळ छापलेली. धार तशीच आहे, रात्रीचं उठणंही तेवढंच. अडचण एकच, माल कधीकधी संपलेला असतो, म्हणून मी दहा दिवस आधीच जातो. नसला तर तिथल्या ताई नंबर लिहून घेतात आणि माल आला की फोन करतात.