छोट्या ट्रॅक्टरला ऊबदार केबिन: घरी बनवावी, ताडपत्रीची घ्यावी की कंपनीची?

अमेरिकेतल्या मिनेसोटात, मिनियापोलिसच्या पश्चिमेला आमचं घर आहे. पाच एकर जागा, आणि मोठ्या रस्त्यापासून दारापर्यंत दोनशे मीटर खडीची वाट. इथे वर्षाला सरासरी ५० इंचांच्या आसपास बर्फ पडतो. जानेवारीत पहाटे पारा उणे १३ सेल्सियसपर्यंत उतरणं नेहमीचंच, आणि थंडीची लाट आली की उणे २५. मोठा रस्ता सरकारी गाडी साफ करते, दारापर्यंतची वाट ज्याची त्याने. आमच्याकडे त्यासाठी मुळात उघडा घेतलेला २५ हॉर्सपॉवरचा ट्रॅक्टर आहे, त्याची केबिन मी घरी बनवली, आणि त्याला बर्फ उडवणारा ब्लोअर जोडलेला आहे. अशाच मोकळ्या जागेत नुकतंच राहायला आलेल्या एका मराठी कुटुंबाने विचारलं, की केबिन घरी बनवावी की विकत घ्यावी. त्यांना फोनवर जे सांगितलं, ते इथे नीट मांडतो.

आधी एक हिशोब. हवा उणे १० असेल आणि वारा ताशी ३० किलोमीटरचा असेल, तर उघड्या कातडीला ती थंडी उणे २० सारखी लागते. म्हणजे नुसता वारा अडवला, हीटर अजिबात लावला नाही, तरी दहा अंशांचा फरक अंगाला जाणवतो. ब्लोअरचा उडालेला बर्फ मानेत शिरायचा थांबतो, तो फायदा वेगळाच. म्हणून माझं ठाम मत आहे: पहिला खर्च आडोशावर, दुसरा उष्णतेवर. फटी तशाच ठेवून मोठा हीटर बसवणाऱ्यांचे पैसे त्या फटींतूनच बाहेर जातात.

दुसरी गोष्ट, ट्रॅक्टर ठेवता त्या गॅरेजच्या दाराची उंची मोजा. अमेरिकेत घरगुती गॅरेजचं नेहमीचं दार सात फुटांचं असतं. उघड्या ट्रॅक्टरच्या आसनामागची लोखंडी कमान, ट्रॅक्टर उलटला तर चालकाला वाचवणारी, जिला इथे रोप्स म्हणतात, ती दुमडता येते आणि ट्रॅक्टर आत जातो. केबिन बसली की कमान दुमडणं संपलं. घरी बनवताना छत दाराच्या मापाने दोन इंच खाली घेता येतं, तयार केबिनमध्ये ती सोय नाही. ट्रॅक्टर बाहेर उणे २० मध्ये उभा ठेवावा लागणार असेल तर केबिनच्या सुखातलं बरंचसं तिथेच गेलं, कारण सकाळी आधी केबिनवरचाच बर्फ झाडायचा आणि काचा खरवडायच्या.

सर्वांत स्वस्त, आणि बऱ्याच जणांना पुरेसा पर्याय

बॉनेटच्या दोन्ही बाजूंना जाड कॅनव्हासचे पडदे बांधायचे आणि आसनासमोर एक छोटी पारदर्शक काच उभी करायची. इथल्या जुन्या शेतकऱ्यांकडे मोठ्या ट्रॅक्टरांवर हे सर्रास असायचं, नाव ‘हीट हाउझर’. बहुतेक ट्रॅक्टरांत रेडिएटरचा पंखा हवा मागे, इंजिनावरून चालकाकडे ढकलतो. एरवी ती गरम हवा दोन्ही बाजूंनी निसटून जाते, पडदे तिला गुडघ्यांपर्यंत आणतात. वर आणि मागे उघडं, त्यामुळे काचा धुरकटत नाहीत, वजन नगण्य, दाराचा प्रश्न नाही.

ज्यांचं काम सारखं चढ-उताराचं आहे, म्हणजे लाकडं ओढणं, साखळी बांधणं, फाटक उघडणं, त्यांच्यासाठी मला हा पर्याय पूर्ण केबिनपेक्षा चांगला वाटतो. जाड जॅकेट आणि बूट घालून छोट्या केबिनच्या दारातून तासाला वीस वेळा आत-बाहेर करून पाहा, म्हणजे पटेल. मात्र ब्लोअर मागे लावलेला असेल आणि मान वळवून उलटं चालवायचं असेल, तर पडदे उपयोगाचे नाहीत. बर्फ मागूनच येतो.

ताडपत्रीची तयार केबिन

लोखंडी सांगाडा, त्यावर शिवलेलं कापड, खिडक्या पारदर्शक व्हिनाइलच्या, दाराला चेन. दीड ते साडेतीन हजार डॉलरच्या आसपास मिळते, एका दुपारी दोघांनी बसवता येते आणि एप्रिलमध्ये उतरवून माळ्यावर टाकता येते. उन्हाळ्यात गवत कापायला तोच ट्रॅक्टर वापरणाऱ्यांसाठी ही फार मोठी सोय आहे. उणी बाजू अशी की कडक थंडीत व्हिनाइल पुठ्ठ्यासारखं ताठ होतं, घडीवर तडे जातात, आणि दाराची चेन बर्फाने गोठून बसते. व्हिनाइलवर वायपर नीट चालत नाही, म्हणून समोरची काच तरी खरी असलेलीच घ्या. वर्षातून आठ-दहा वेळाच बर्फ काढणार असाल तर इथेच थांबा.

कंपनीची केबिन

१९३८ मध्ये इथल्याच मिनियापोलिस-मोलाइन कंपनीने यूडीएलएक्स नावाचा बंद केबिनचा ट्रॅक्टर काढला होता. त्यात हीटर, वायपर आणि रेडिओसुद्धा होता. किंमत २,१५५ डॉलर. त्या काळच्या शेतकऱ्याला ती झेपणारी नव्हती, जेमतेम दीडशेच बनले. आज छोट्या ट्रॅक्टरांतही कंपनीची केबिन मिळते, पण तीच अडचण वेगळ्या आकड्यांत उभी आहे: उघड्या मॉडेलपेक्षा साधारण पाच ते आठ हजार डॉलर जास्त. त्या पैशांत हीटर, एसी, रबरावर बसवलेली केबिन, वक्र काचा आणि चाचणी झालेली संरक्षक चौकट मिळते. ट्रॅक्टर अजून घ्यायचाच असेल आणि पुढची पंधरा वर्षं तो वापरणार असाल, तर ही किंमत मी जास्त मानत नाही. जुना उघडा ट्रॅक्टर विकून केवळ केबिनसाठी नवा घेणं मात्र मला पटत नाही.

घरी बनवलेली

आता मूळ विषय. एक इंची चौकोनी पाइप, १६ गेजचा, सुमारे २० मीटर लागतो, त्याचं वजन २४ किलोच्या घरात. सहा मिलिमीटर पॉलिकार्बोनेटचं वजन चौरस मीटरला सात किलोवर, आणि सहा चौरस मीटर तरी लागतंच. बिजागऱ्या, पत्रा, रबर धरून केबिन ८० ते ९० किलोची होते. सामानाचा खर्च हजार डॉलरच्या आगेमागे. वेळ मात्र मोजून ठेवा: वेल्डिंग येत असलेल्या माणसाचेही साठ-सत्तर तास जातात, आणि त्यातले निम्मे नुसत्या दरवाजांत. सांगलीकडे आमच्या भागात ट्रॅक्टरला हूड बनवून देणारे फॅब्रिकेशनवाले डोळ्यांनी माप घेऊन दोन दिवसांत काम उरकतात, ते पाहून मी केबिनचा अंदाज बांधला होता. पण हूड सावलीसाठी असतं. केबिनला पेडल, गिअरचा दांडा, लोडरची (पुढच्या उचलत्या बकेटची) दांडी, हायड्रोलिकचे पाइप यांच्याभोवती फट बुजवावी लागते, आणि खरे तास तिथे जातात.

एक गोष्ट तडजोडीपलीकडची आहे. रोप्सच्या कमानीला वेल्डिंग करायचं नाही, भोक पाडायचं नाही. वेल्डिंगच्या आचेने आणि भोकांनी तिची ताकद कुठे कमी झाली ते डोळ्यांना दिसत नाही, आणि तिचं प्रमाणपत्र बाद होतं. केबिनचा सांगाडा यू-बोल्टने कमानीला नुसता आवळायचा. स्वीडनने १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरांना अशी संरक्षक चौकट सक्तीची केली आणि तिथले ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू पुढे घसरत गेले. जी कमान इतक्या माणसांना वाचवते, तिच्यावर आपली कारागिरी करू नये. एक इंची पाइपाचा आपला सांगाडा उलटणाऱ्या ट्रॅक्टरला पेलेल असंही समजू नये. सीटबेल्ट लावायचाच, आणि दाराखेरीज बाहेर पडायला दुसरी वाट ठेवायची. मागची काच आतून ढकलली की उघडली पाहिजे.

काचांबद्दल: अ‍ॅक्रिलिक स्वस्त पडतं पण थंडीत फटकन तडकतं, ते घेऊ नका. पॉलिकार्बोनेट फुटत नाही, पण वायपरने त्यावर ओरखडे उठतात. समोर लॅमिनेटेड काच कापून घ्या, बाजूंना आणि मागे पॉलिकार्बोनेट. टफन्ड काच एकदा भट्टीतून आली की कापता येत नाही, त्यामुळे मापात चूक झाली की ती वाया गेली. पॉलिकार्बोनेट उणे ३० ते अधिक ३० या फरकात मीटरमागे चार मिलिमीटर लांबी बदलतं, म्हणून बोल्टची भोकं मोठी ठेवा आणि खाली रबरी वायसर घाला. हे न केल्यामुळे माझ्या डाव्या खिडकीला पहिल्याच हिवाळ्यात भोकापासून कडेपर्यंत चीर गेली.

आवाजाचा विचार आधी करा, नंतर दुरुस्ती अवघड जाते. मी पहिली केबिन प्लायवुडची केली होती आणि ती मडगार्डवर थेट आवळली होती. इंजिनाची थरथर प्लायमध्ये उतरली, आणि उघड्या ट्रॅक्टरवर जितका आवाज होता त्याहून जास्त आत घुमायला लागला. एका तासात कान बधिर झाले. पूर्वीच्या पत्र्याच्या केबिनांचीही हीच तक्रार होती, म्हणून तर ब्रिटनमध्ये १९७० च्या दशकात चालकाच्या कानाशी ९० डेसिबलची मर्यादा घालावी लागली. रबरी माउंटिंग, पायाखाली जाड रबरी मॅट, छताला आतून फोम, एवढं केलं आणि फरक पडला. तरीही मी कानांवर इअरमफ घालूनच बसतो.

ऊब कुठून आणायची

केबिन साधारण ११०० वॉट तिच्या भिंतींतून आणि छतातून गमावते, बाहेर उणे १० आणि आत १५ धरून. फटींतून जाणारी उष्णता मिळवली की दीड ते दोन किलोवॉट लागतात. हा आकडा लक्षात ठेवला की अर्धे पर्याय आपोआप गळतात.

बारा व्होल्टवर चालणारा इलेक्ट्रिक हीटर त्यांतला पहिला. छोट्या ट्रॅक्टरचा अल्टरनेटर बहुधा २० ते ४० अँपिअरचा. दिवे बंद ठेवून २० अँपिअर हीटरला दिले तरी २४० वॉट. त्याने काचेचा हातभर तुकडा साफ होईल, बस.

दुसरा, प्रोपेनचा सुटा हीटर. तो आणूच नका. एवढ्याशा बंद जागेत तो प्राणवायू खातो आणि कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्या वायूला वास नाही, रंग नाही, माणूस सुस्तावतो आणि हात उचलायच्या आत संपतो. शिवाय एक किलो प्रोपेन जळताना दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ होते, ती सगळी काचांवर बसून गोठते. उष्णता भरपूर, तरी समोरचं दिसत नाही.

उरतात दोन, आणि खरी तुलना त्यांचीच आहे. पहिला म्हणजे इंजिनाच्या गरम पाण्यावर चालणारा मोटारीसारखा हीटर. इंजिनाकडून गरम पाण्याची नळी घ्यायची, परतीची नळी पंपाच्या ओढीकडे जोडायची, मागे छोटा पंखा. उष्णता फुकट, जळण वेगळं नाही, विषारी वायूचा प्रश्न नाही. ब्लोअर दाट बर्फ कापत असताना ही यंत्रणा केबिन अशी तापवते की खिडकी उघडावी लागते. पण डिझेल इंजिन नुसतं फिरत राहिलं की नीट तापत नाही. हलका बर्फ लोडरने सरकवताना वारा कोमटच येतो. रेडिएटरसमोर पुठ्ठा लावून काही भाग झाकला की फरक पडतो, फक्त तापमानाच्या काट्यावर नजर ठेवायची. काही जुन्या यानमार आणि कुबोटा ट्रॅक्टरांत पाण्याचा पंपच नसतो, पाणी तापून आपोआप वर चढतं त्यावरच ते फिरतं. तिथे नळीत बारा व्होल्टचा छोटा पंप घालावा लागेल, नाहीतर हीटर गारच राहील.

दुसरा म्हणजे डिझेलवर जळणारा हवेचा हीटर, ट्रकवाले रात्री झोपताना लावतात तो. दोन किलोवॉटला ताशी पाव लिटर डिझेल. इंजिन तापायची वाट पाहायची नाही, चालकाने चढण्याआधी पंधरा मिनिटं लावून ठेवता येतो. सुरू होताना काही मिनिटं आठ-दहा अँपिअर ओढतो, नंतर एक-दोनच. मात्र याची जळणाची हवा बाहेरून घ्यायची, धुराची नळी केबिनबाहेर आणि वाऱ्याच्या उलट बाजूला काढायची, जोडांची दर हिवाळ्यात तपासणी करायची. बंद करताना मुख्य स्विच तडक पाडायचा नाही, तो स्वतःला थंड करून थांबतो. आणि केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच, पंचवीस-तीस डॉलरचा.

ट्रॅक्टर रोज तासभर जोरात काम करत असेल तर मी गरम पाण्याचा हीटर निवडतो. वीस मिनिटांचं हलकं काम आणि उणे २० ची पहाट असेल तर डिझेलचा. माझ्याकडे पाण्याचा आहे, आणि निघण्याआधी दोन तास ब्लॉक हीटरची, म्हणजे बंद इंजिन विजेवर तापवणाऱ्या हीटरची, वायर भिंतीच्या प्लगला लावून ठेवतो. इंजिन लगेच सुरू होतं आणि पाच मिनिटांत कोमट हवा यायला लागते.

कोणताही हीटर लावा, पंख्याची पहिली झोत पायांवर नको, समोरच्या काचेवर हवी. बुटांवरून आलेला बर्फ आत वितळतो, त्याची वाफ काचेवरच बसते. हवा थोडी बाहेरून ओढली तर आत किंचित दाब राहतो, फटींतून गार वारा शिरायचा कमी होतो आणि काचा कोरड्या राहतात.

केबिन पूर्ण झाली की एकदा वारा असलेल्या दिवशी इंजिन बंद ठेवून आत बसा, दारं लावा आणि उदबत्ती पेटवा. ती पेडलांपाशी, दाराच्या खालच्या कडेशी, दांड्याच्या रबराभोवती हळूहळू फिरवा. धूर जिथे एकदम आडवा होतो तिथे खडूने खूण करा. माझ्या केबिनला पहिल्या दिवशी अकरा खुणा झाल्या, त्यांतल्या सात ब्रेकच्या पेडलाभोवती.