आठ महिने प्लास्टिकची गिटार, आणि एका पट्टीचं रडगाणं

मागच्या रविवारी व्हिडिओ गेममधलं गाणं संपायला चार सूर उरले असताना गिटारच्या पट्टीने एकदा छेडल्यावर दोनदा आवाज दिला आणि तीनशेच्या पुढे गेलेला कॉम्बो, म्हणजे सलग न चुकलेल्या सुरांची मोजणी, शून्यावर आला. हे लिहायला बसण्याचं कारण एवढंच.

आठ महिन्यांपूर्वी हा संच सेकंडहँड घेतला. गिटार, चार पॅडचे ड्रम, पायाचं पेडल, माइक. टीव्हीवर रंगीत सूर सरकत येतात, सूर रेषेवर आला की त्याच रंगाचं बटण दाबून पट्टी छेडायची, एवढाच हा गेम. आता थेट पट्टीवर येतो. पट्टी म्हणजे स्ट्रम बार. पाच रंगीत बटणं डाव्या हाताला कितीही अचूक दाबा, ही टीचभर पट्टी वेळेवर छेडली गेली नाही तर सगळं फुकट.

पहिले दोन महिने मी तिला रोज शिव्या घातल्या. सूर रेषेवर आला की छेडायचो, तरी चुकलं म्हणून दाखवायचं. मग अजून जोरात छेडायचो. भाचा म्हणाला, "मामा, पट्टी नाही, टीव्ही उशिरा दाखवतोय." मला पटलं नाही. पोराला काय कळतं?

पोराचंच खरं होतं. हल्लीचे टीव्ही चित्र गुळगुळीत करण्यात वेळ खातात. 2005 साली गिटार हीरो हा असाच गेम आला तेव्हा बहुतेक घरांत डब्यासारखे टीव्ही होते, त्यांना हा आजारच नव्हता. टीव्हीचा गेम मोड (चित्रावरची ही कारागिरी कमी करणारी सेटिंग) चालू केला, साउंडबारची ब्लूटूथ जोडणी सोडून वायर लावली आणि गेममधल्या कॅलिब्रेशनमध्ये, म्हणजे हा उशीर मोजून जुळवून घेतात तिथे, जाऊन टिकटिकीवर पट्टी छेडत बसलो. आधी उशिराचा आकडा 84 मिलिसेकंद होता, नंतर 20 च्या आत आला. त्याच रात्री मीडियम या मधल्या पातळीवर पहिल्यांदा नव्वद टक्क्यांच्या वर गेलो. तेव्हा पट्टीबद्दलचं माझं जुनं मत मागे घेतो. नवीन संच आणणाऱ्यांनी आधी हे करावं, भांडण नंतर.

पण दोन महिने मी जे दणके घातले, ते तिने लक्षात ठेवले असावेत. सहाव्या महिन्यात ती खरोखरच दुहेरी आवाज द्यायला लागली. दुरुस्ती केंद्रात नेली. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "सर, हे खेळणं आहे, आम्ही उघडत नाही." तरी तपासणीचे पैसे घेतले, पंधरा दिवस ठेवून घेतली, आणि परत दिली ती गिटारचा बिनतारी इशारा गेमपर्यंत पोचवणारा यूएसबी रिसीव्हर न देताच! तो नसेल तर ही गिटार आणि कपडे वाळत घालायची काठी यांत फरक नाही. तीन फेऱ्या आणि एक चढा आवाज, मग त्यांच्याच ड्रॉवरमधून रिसीव्हर निघाला. 2024 मध्ये रिफमास्टर नावाची नवी गिटार बाजारात आली आहे, सगळे तीच घे म्हणतात. एका पट्टीसाठी आख्खी गिटार? जमणार नाही.

बाकीच्या संचाबद्दल थोडक्यात. ड्रम बायकोने बळकावलेत आणि ती माझ्यापेक्षा बरी वाजवते. पेडलचा धक्का खालच्या मजल्यापर्यंत जातो, त्याखाली दोन जाड सतरंज्या लागतात. पाहुण्यांना ईझी या सोप्या पातळीवर बसवा, तिथे फक्त तीनच बटणं लागतात, आणि नो-फेल (कितीही चुकलं तरी गाणं बंद न पडण्याची सोय) चालू ठेवा. नाहीतर मेहुण्यासारखा माणूस पहिल्या कडव्यातच सगळा बँड बुडवतो.

माइकची गोष्ट मात्र वेगळी. आईला इंग्रजी शब्द येत नाहीत म्हणून ती बाजूला बसायची. मग कळलं की गेम बहुतेक ओळींत शब्द तपासतच नाही, फक्त सूर तपासतो, आणि सप्तक कुठलं याचीही त्याला फिकीर नाही. आई खालच्या सप्तकात नुसतं "आऽऽ" करते आणि आम्हा सगळ्यांच्या वर गुण घेते. वर मलाच विचारते, "तुझं कसं रे चुकतं? तुला तर रंगसुद्धा दाखवतात."

रविवारच्या प्रकारानंतर शेवटी मीच गिटार उघडली. दहा-बारा स्क्रू, आणि आत माउसमध्ये असतो तसाच टिक करणारा मायक्रोस्विच. वर छेडायला एक, खाली छेडायला एक. खालचा मेला होता, कारण मी नेहमी खालीच छेडतो. साधं उलटं करायचं सुचलं: दोघांची अदलाबदल. डाग देताना एक बोट भाजलं, पण खर्च शून्य. कमी वापरलेला स्विच आता खाली आहे आणि चार दिवस झाले, एकही दुहेरी सूर नाही. हॅमर-ऑन, म्हणजे न छेडता नुसत्या बटणावर लागणारा सूर, असेल तिथे आता पट्टीला हातही लावत नाही, फक्त बटण दाबतो.

एकच अडचण आहे. या स्विचचा टकटक आवाज जुन्यापेक्षा मोठा येतो. काल आई माइक खाली ठेवून म्हणाली, "त्या टकटकीने माझा सूर जातो, जुनंच बरं होतं."