संत्र्याच्या रसातील साखर मेम्ब्रेनने कमी करताना: सात महिन्यांच्या वापरानंतर

वरूड तालुक्यातील आमचा शेतकरी गट बाजारात भाव न मिळणाऱ्या चुरीपासून, म्हणजे लहान संत्र्यांपासून, रस आणि स्क्वॅश तयार करतो. रस घेणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरी मधुमेहाचा रुग्ण आहे, माझ्या आईलाही तो आहे. त्यामुळे ‘वरून साखर घातलेली नाही’ एवढे सांगून आमचे समाधान होत नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत तर फळाच्या रसातील नैसर्गिक साखरही मर्यादेत ठेवायच्या साखरेतच धरली आहे. म्हणून गेल्या ऑक्टोबरात आंबिया बहाराची, म्हणजे संत्र्याच्या दोन हंगामांपैकी एकाची, तोड सुरू होताच आम्ही नॅनोफिल्ट्रेशनचे, म्हणजे अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून (मेम्ब्रेनमधून) रसातील साखर गाळून काढणारे, लहान यंत्र बसवले. आंबिया आणि मृग असे दोन्ही बहार त्यावर काढल्यानंतर हा अनुभव लिहीत आहे.

यंत्राचे तत्त्व समजून घेतल्याशिवाय ते विकत घेऊ नये, हे आम्ही पहिल्याच आठवड्यात शिकलो. ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या साखरांचा रेणुभार (रेणू किती जड, म्हणजे साधारण किती मोठा, याचा आकडा) १८०, सुक्रोजचा ३४२. संत्र्याच्या रसात साधारण निम्मी साखर सुक्रोजच्या रूपात आणि उरलेली निम्मी पहिल्या दोघांच्या रूपात असते. अल्ट्राफिल्ट्रेशनच्या मेम्ब्रेनमधून ही सगळी साखर पार होते आणि फक्त गर, पेक्टिन अडते, आर.ओ.च्या मेम्ब्रेनमधून जवळजवळ पाणीच तेवढे पार होते. या दोहोंच्या मधले छिद्र असेल तरच लहान साखर बाहेर पडते आणि मोठे रेणू रसात राहतात. पुरवठादाराने आम्हाला प्रथम जे मेम्ब्रेन दिले ते आर.ओ.च्या जातीचे निघाले. दोन तास पंप चालवल्यावर रिफ्रॅक्टोमीटरच्या (गोडी मोजण्याच्या उपकरणाच्या) काचेवर थेंब ठेवून पाहिले तर १०.४ ब्रिक्सचा (१०० ग्रॅम रसात विरघळलेले घटक, मुख्यतः साखर, किती ग्रॅम याचे माप) रस १६ च्या पुढे गेला होता, म्हणजे साखर कमी होण्याऐवजी रसच आटला होता. योग्य मेम्ब्रेन हाती येईपर्यंत तीन आठवडे गेले आणि ऐन हंगामातील वाहतुकीचा खर्चही आमच्यावरच पडला. मेम्ब्रेन किती रेणुभाराचे कण अडवते, हे कोटेशनवर लेखी घेतले असते तर तो भुर्दंड टळला असता.

आता आमची पद्धत ठरून गेली आहे. १२० लिटर रस आधी अल्ट्राफिल्ट्रेशनमधून काढतो, त्यातून १०० लिटर नितळ रस आणि २० लिटर दाट गराचा भाग मिळतो. नितळ रस नॅनोफिल्ट्रेशनच्या टाकीत फिरवत ठेवतो आणि पलीकडून जितके गोड पाणी बाहेर पडेल तितकेच शुद्ध पाणी टाकीत वरून सोडत जातो. १०० लिटर पाणी असे सोडून झाले की रस १०.४ वरून ७.६ ब्रिक्सवर येतो. शेवटी बाजूला ठेवलेला गर परत मिसळावा लागतो, कारण त्याशिवाय तो संत्र्याचा रस वाटतच नाही. गराबरोबर त्याची मूळ साखरही परत येते आणि बाटलीत भरताना आकडा ८.१ च्या आसपास असतो. विक्रेत्याच्या पत्रकात दिलेला साखर घटण्याचा आकडा नितळ रसाचा होता. पिणाऱ्याच्या पेल्यातील घट मात्र जेमतेम पाचव्या हिश्शाएवढी आहे. २०० मिलिलिटरच्या पेल्यात पूर्वी साडेसतरा ग्रॅम साखर असे, ती आता साडेतेरा-चौदा ग्रॅम असते. ‘कमी साखर’ असे लिहिण्यासाठी द्रवपदार्थात १०० मिलिलिटरला २.५ ग्रॅमपेक्षा जास्त साखर चालत नाही, आणि आमच्या रसात ती पावणेसात ग्रॅमच्या घरात आहे. त्यामुळे आम्ही बाटलीवर तसे लिहीत नाही आणि कोणी विचारल्यास खरा आकडा सांगतो. आईलाही मी हा रस अर्धाच पेला देतो, कारण तिच्यासाठी अख्खे फळ सोलून खाणे अजूनही अधिक चांगले आहे.

चवीच्या बाबतीत मात्र आमचा अंदाज चुकला. रस पाणचट लागेल अशी भीती होती, आणि थोडा सुवास जातोही. पण खरी अडचण कडवटपणाची निघाली. नागपुरी संत्र्याच्या बियांत आणि पांढऱ्या पापुद्र्यात असलेल्या घटकापासून रस काढल्यानंतर काही तासांनी लिमोनिन तयार होते, म्हणून सकाळी गोड लागलेला रस संध्याकाळी कडू होतो. लिमोनिनचा रेणुभार ४७० असल्यामुळे ते साखरेसोबत बाहेर न जाता बहुतांश रसातच राहते. गोडी उतरली आणि कडू तेवढेच राहिले, की जीभ ते लगेच पकडते. डिसेंबरातील दोन घाणे आम्हाला याच कारणाने विकता आले नाहीत. त्यानंतर आम्ही फळ दाबण्याचा जोर कमी केला, बी चिरडणार नाही अशी जाळी बसवली आणि रस निघताच अर्ध्या तासाच्या आत गर वेगळा करू लागलो. रसाचा उतारा थोडा घटला, पण कडवटपणाची तक्रार थांबली.

साखरेबरोबर क जीवनसत्त्वही जाते, हे कोणी आधी सांगितले नव्हते. त्याचा रेणुभार १७६, म्हणजे जवळजवळ ग्लुकोजइतकाच असल्याने मेम्ब्रेन दोघांत फरक करू शकत नाही. पोटॅशियम आणि थोडे आम्लही त्याच वाटेने जाते. म्हणूनच ते गोड पाणी नालीत सोडणे मला पटले नाही. प्रत्येक घाण्यात ते १०० लिटर निघते आणि त्यात पावणेतीन किलोच्या आसपास साखर आणि इतर घटक विरघळलेले असतात. स्क्वॅशमध्ये साध्या पाण्याऐवजी आम्ही तेच वापरतो, त्यामुळे तितकी साखर कमी घालावी लागते. भूजलाचा आधीच अतिउपसा झालेल्या आमच्या भागात रसाइतकेच पाणी खर्च करणारे यंत्र चालवायचे, तर त्या पाण्याचा दुसरा उपयोग असलाच पाहिजे. बोअरचे जड पाणी सरळ वापरता येत नसल्याने त्यासाठी वेगळा आर.ओ. लागतो, तो खर्चही धरून चालावे.

रोजच्या वापरात सर्वांत जास्त लक्ष धुण्याकडे द्यावे लागते. सुरुवातीला तासाला ३० लिटर मिळणारा प्रवाह पाच आठवड्यांत १८ वर आला, कारण घाईत आम्ही फक्त पाण्याने खळखळून मोकळे होत होतो. नंतर कॉस्टिक सोड्याचे सौम्य पाणी आणि त्यामागून सायट्रिक आम्ल असे फिरवल्यावर तो २६ पर्यंत परत आला. ब्लीचिंगचे किंवा क्लोरीनचे पाणी या पॉलिअमाइडच्या मेम्ब्रेनला चुकूनही लागू देऊ नये, ते कायमचे खराब होते. एप्रिलपासून पंपाची उष्णता आणि बाहेरचे ऊन मिळून टाकीतील रस तापू लागला, तेव्हा आम्ही पहाटे चार वाजता घाणा सुरू करून टाकीभोवती बर्फाची पोती ठेवली. भारनियमनात वीज मध्येच गेली तर अर्धवट रस थंड कोठीत हलवावा लागतो, आणि त्यासाठी दोन माणसे तयार असावी लागतात.

येत्या आंबिया बहारासाठी आम्ही जुने मेम्ब्रेन राखीव ठेवून नवे मागवले आहे. तोपर्यंत गराचा भाग २० लिटरवरून १२ लिटरपर्यंत दाट करून पाहणार आहोत, म्हणजे तो परत मिसळताना बाटलीत येणारी साखर आणखी थोडी कमी होईल.