मजूर-तास ठरवताना: मागचे प्रत्यक्ष तास की प्रमाण वेळ?

अमेरिकी संरक्षण कंत्राटाच्या वाटाघाटीत मजूर-तास दोन तऱ्हांनी मांडता येतात. मागच्या लॉटचे (एका खेपेत बनवलेल्या नगांचे) प्रत्यक्ष तास लर्निंग कर्व्हवर, म्हणजे सरावाने नगामागचे तास उतरत जातात या हिशेबाने, पुढे न्यायचे. किंवा टाइम स्टडीने (घड्याळ लावून) वा एमटीएमने (प्रत्येक हालचालीची ठरलेली वेळ जोडून) काढलेले प्रमाण तास, म्हणजे ठरलेल्या पद्धतीने कामाला लागायला हवेत ते तास, रिअलायझेशन फॅक्टरने गुणायचे. प्रत्यक्ष तासांना प्रमाण तासांनी भागलं की हा फॅक्टर निघतो.

नग तोच, पद्धत तीच आणि उत्पादनात खंड नसेल, तर प्रत्यक्ष तास पुरतात. ऑडिटर ते थेट जॉब कार्डांशी (कामावरचे तास नोंदवायची कार्डं) ताडून पाहतो. तिथे प्रमाण वेळेचा खटाटोप बहुधा वायाच जातो.

अडतं ते डिझाइन बदललं की. समजा नगाला २०४ तास लागले आणि नव्या नगातून एक ब्रॅकेट रिव्हेटिंगसकट गेलं. किती तास वजा करायचे? जॉब कार्डावर नुसतं 'असेंब्ली' लिहिलेलं असतं. समोरचा सरकारी पक्ष २० म्हणतो, आपण कंत्राटदार ५ म्हणतो आणि दोघांकडेही आधार नसतो. त्यात रिवर्क (बिघडलेलं काम पुन्हा करणं), सुटे भाग वेळेवर न आल्याने खोळंबा, चुकीच्या जॉब नंबरावर टाकलेले तास, सगळं त्या २०४ मध्ये मुरलेलं. माझ्या मते पारडं इथेच प्रमाण वेळेकडे फिरतं.

प्रमाण तास हाताशी असतील तर हिशेब सरळ आहे. नगाला १२० प्रमाण तास, फॅक्टर १.७. ब्रॅकेटचे प्रमाण तास ६, म्हणून १०.२ तास वजा. वाद उरतो तो फॅक्टरवर, आणि तो होणारच. म्हणून १.७ नुसता पुढे करू नये. रिवर्क, खोळंबा आणि नवखे हात यांचा वाटा वेगळा दाखवावा. फॅक्टर कितव्या नगाचा, हेही लिहावं. १० व्या नगाला १.७ असेल तर ८५ टक्के कर्व्हवर (नग दुप्पट झाले की तास ८५ टक्क्यांवर येतात) २० व्या नगाला साधारण १.४५ होतो. तो असा उतरवून वर पुन्हा कर्व्ह लावला, तर तीच सुधारणा दोनदा मोजली जाते आणि नुकसान कंत्राटदाराचं. थकवा आणि वैयक्तिक गरजांची सूट प्रमाण वेळेतच धरली आहे का, हेही आधी बघावं. एमटीएमच्या मूळ वेळेत ती नसते.

प्रमाण वेळ अंदाजपंचे ठरवलेली असेल तर मात्र फायदा नाही. मिल-स्टँडर्ड-१५६७ए हे अमेरिकी लष्कराचं काम-मोजणीचं मानक आता लागू नसलं तरी त्यातला टाइप-१ चा (रीतसर मोजून काढलेल्या प्रमाण वेळेचा) निकष अजून चांगला आहे: ९० टक्के विश्वासपातळीला ±१० टक्के अचूकता. पद्धत बदलून जुनीच वेळ कागदावर राहिली असेल, तर फॅक्टरही खोटा ठरतो.

प्रमाणित खर्च-माहिती देणं बंधनकारक असलेल्या कंत्राटात आणखी एक सांभाळायचं. प्रमाणपत्र किंमत ठरल्याच्या तारखेला माहिती अचूक, पूर्ण आणि ताजी असल्याचं असतं. प्रस्ताव दिल्यावर पण किंमत ठरण्याआधी एखादी प्रमाण वेळ कमी झाली, तर तो बदल लेखी कळवावा. नाहीतर सदोष माहितीच्या नावाखाली नंतर किंमत कापली जाऊ शकते. त्यासाठी सुधारित प्रमाण वेळेच्या प्रत्येक पत्रकावर तारीख हवी आणि त्या दिवशीच ते अंदाजपत्रक करणाऱ्याकडे पोचायला हवं.