चिपच्या ट्रेसाठी पेटंट घ्यावं की डिझाइन नोंदवावं?

इलेक्ट्रॉनिक चिप ठेवून ने-आण करायचे दोन कारखान्यांचे ट्रे शेजारी ठेवून पाहा. दोन्ही काळे, 322.6 मिलिमीटर लांब, 135.9 मिलिमीटर रुंद, दोन्हींचा एक कोपरा तिरका छाटलेला. जेडेकचं (इलेक्ट्रॉनिक्स उद्योगाची मानकं ठरवणारी संस्था) मानक पाळायचं तर बाहेरून ते जुळे भाऊच दिसणार. वेगळेपण असतं कप्प्यात. चिप फक्त कडेवर टेकते, पोटाखालचे सोल्डरचे गोळे (चिप सर्किटला जोडणारे धातूचे ठिपके) तळाला लागत नाहीत, आणि थप्पी उलटी केली की वरच्या ट्रेचा तळच चिपला धरून ठेवतो. अशा ट्रेवरून भांडण लागलं तर ते या कप्प्यावरूनच लागतं.

त्यामुळे मी तरी पेटंटच्या बाजूचा. डिझाइन कायदा, 2000 संरक्षण देतो ते नजरेला दिसणाऱ्या रूपाला; निव्वळ यांत्रिक युक्ती त्यात बसत नाही. कप्प्याची कड अशी का, तर चिप तशी म्हणून, हा मुद्दा समोरचा वकील पहिल्या तारखेलाच काढणार. शिवाय नक्कल करणाऱ्यानं कडेची गोलाई बदलली, दोन खाचा वाढवल्या की 'आमचा ट्रे वेगळा दिसतो' म्हणायला तो मोकळा. पेटंटच्या अर्जातला दावा (नेमका कशावर हक्क सांगता ते वाक्य) नीट लिहिला असेल, चिप कुठे टेकते आणि कशी अडते हे शब्दांत पकडलं असेल, तर एवढ्यानं सुटका होत नाही.

खर्चाचं म्हणाल, तर लघुउद्योगाला डिझाइनच्या अर्जाची फी 1,000 रुपये, पेटंटची ऑनलाइन 1,600. फरक सहाशेचा, पण फसू नका. पेटंटला परीक्षणाची फी वेगळी, एजंटची वेगळी, नूतनीकरण दरवर्षी. तुमची युक्ती नवी आहे का हे तपासताना परीक्षक अमेरिका-जपानची जुनी ट्रे-पेटंटं समोर ठेवतो, मंजुरीआधी कुणीही विरोध नोंदवू शकतो. बदल्यात अर्जापासून 20 वर्षं मिळतात. डिझाइनला 10, वाढवून 15.

कोर्टात मात्र दोन्ही वाटा बऱ्याचदा एकाच दारात पोचतात. प्रतिवादीनं 'नोंदणीच रद्द करा' किंवा 'पेटंटच रद्द करा' म्हटलं की जिल्हा न्यायालयातला खटला उच्च न्यायालयात जातो. डिझाइनच्या खटल्यात न्यायाधीश दोन ट्रे हातात घेऊन पाहू शकतात, ही त्याची खरी जमेची बाजू. मानकाबाहेरचा, वेगळ्या घडणीचा डबा असेल तर मीही आधी डिझाइनच सुचवेन.

दोन्ही हवं असेल तर क्रम चुकवू नका. डिझाइन नोंदलं की लगेच प्रसिद्ध होतं आणि मग तुमचंच डिझाइन तुमच्या पेटंटचं नवेपण खातं. पेटंटचा अर्ज एरवी 18 महिने गुप्त राहतो, म्हणून आधी तो टाका, किंवा दोन्ही एकाच दिवशी. आणि साच्यातून निघालेला पहिला नमुना ग्राहकाच्या टेबलावर जायच्या आधी, निदान गोपनीयतेचा करार तरी सही होऊ द्या.