अंडरडार्क की अंडरमाउंटन? जमिनीखालच्या कॅम्पेनसाठी काय निवडाल

डंजन्स अँड ड्रॅगन्स या रोल-प्लेइंग खेळात कॅम्पेन म्हणजे बऱ्याच बैठका चालणारी सलग गोष्ट. त्यातल्या फॉरगॉटन रेल्म्स या काल्पनिक जगातले हे दोन्ही पर्याय जमिनीखालचे, म्हणून बरेच जण ते एकाच माळेचे मणी समजतात, पण खेळायला बसलं की फरक लगेच कळतो.

अंडरमाउंटन म्हणजे वॉटरडीप शहराखालचं हॅलस्टर या वेड्या जादूगाराचं डंजन, म्हणजे धोक्यांनी आणि खजिन्याने भरलेलं भुयार. यॉनिंग पोर्टल नावाच्या सरायीतल्या विहिरीतून खाली उतरायचं, लढायचं, लूट घेऊन वर यायचं. 2018 च्या आवृत्तीत 23 मजले आहेत, पात्रांच्या पाचव्या ते विसाव्या लेव्हलपर्यंत पुरतात. डीएमचं (खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरचं) काम सोपं, एखादा प्लेयर आला नाही तरी फार अडत नाही.

अंडरडार्क म्हणजे जमिनीखालचं गुहा-बोगद्यांचं अफाट जग, तिथे मात्र वर परत जायचा रस्ताच माहीत नसतो आणि खरी मजा तिथेच आहे. 2015 च्या कॅम्पेनमधे तर सुरुवातच ड्रोंच्या (जमिनीखाली राहणाऱ्या काळ्या एल्फांच्या) कैदेत होते, पहिली लेव्हल, हातात शस्त्र नाही, सुटलात तरी मागे पाठलाग चालूच, त्यात अन्नपाणी रोज शोधायचं. फेर्झ्रेस ही अंडरडार्कमधली विचित्र जादुई ऊर्जा, ती असलेल्या भागात टेलिपोर्ट करायला जाल तर स्पेल फसून उलट आपल्यालाच मार बसू शकतो, त्यामुळे जादूगार असला की सुटलो असं होत नाही. आणि कुओ-टोआ! हे माशासारखे दिसणारे लोक नुसत्या श्रद्धेच्या जोरावर खरोखरचे देव घडवतात, त्यांच्याशी तलवारीने नाही तर बोलून निभावून न्यावं लागतं, असे सीन मला शंभर खोल्या साफ करण्यापेक्षा कधीही जास्त आवडतात.

माझं मत अंडरडार्कला. फक्त ग्रुप नियमित जमणारा हवा, नाहीतर सरळ अंडरमाउंटन घ्या.